घरातला व्हेंटिलेटर
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘तू डॉक्टर, तर तब्येतीवर बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं. बीपी-शुगरबद्दल तुम्ही सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्यापेक्षा जास्त वाचता. म्हणून मी भूलतज्ज्ञ या नात्याने जे बघते त्यावर बोलते.

व्हेंटिलेटर म्हटलं की ‘आता संपलं’ असंच आपल्या मनात येतं. पण २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची साथ आली होती, आठवतंय ना? त्या आजारात श्वासाचे स्नायू लुळे पडले तरी बहुतेक रुग्ण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी यंत्रावरून सुटतात. मोटर न्यूरॉनच्या आजारात मात्र यंत्र एकदा लागलं की सहसा कायमचं. माणूस बहुधा पूर्ण भानावर असतो, त्याला सगळं कळतं. वर्षानुवर्षं आयसीयूत ठेवणं कुणाला परवडणार? मग तो घरी येतो.

माझा असा एक रुग्ण आहे. गळ्याला पुढून छिद्र, त्यात नळी. नळीत कफ साचला की सक्शनने ओढायचा, तोही दहा-पंधरा सेकंदांच्या आत. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. वीज गेली की यंत्राची बॅटरी, मग इन्व्हर्टर. तेही बंद पडलं तर उशाशी अंबू बॅग असते. ती नळीला जोडायची आणि दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, वीज येईपर्यंत. हे सगळं त्याची बायको करते. आठवीपर्यंत शिकलेली बाई, पण माझ्या ज्युनिअर डॉक्टरांपेक्षा तिचा हात सफाईदार आहे.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. यंत्रं अपुरी होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातल्या नळीवाटे, हाताने पिशवी दाबून श्वास द्यायची पद्धत सुरू केली. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून कित्येक महिने त्या पिशव्या दाबल्या. आमच्या शाखेत ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मला त्यातला ‘पाळ्या’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. या घरात तिन्ही पाळ्या एकटीच्या.

त्याला बोलता येत नाही. मुलीने भिंतीवर वर्णमालेचा तक्ता लावलाय. ‘क’ची ओळ? ‘च’ची ओळ? हवी ती ओळ आली की तो पापण्या मिटतो, मग त्या ओळीतलं अक्षर. बाई, तुम्ही घोकून घेतलेली वर्णमाला इथे कामी येतेय! एका रात्री त्याने ‘झोप’ असं जुळवलं. बायकोला वाटलं, याला झोपेची गोळी हवी. तो पापण्या मिटतच राहिला. शेवटी पुढचं अक्षर लागलं, ‘तू’.

चौदा महिन्यांत ती सलग चार तास झोपली नव्हती.

अशा घरी आपण भेटायला जातो तेव्हा फळं नेतो. त्याला जेवण नळीतून जातं हो! त्याऐवजी विचारा, ‘वहिनी, आज रात्री दहा ते दोन मी बसू का?’ ती शेजारच्या खोलीत झोपेल, हाक मारली की येईल. फक्त बसणाऱ्याला यंत्राचा अलार्म ओळखता यायला हवा आणि अंबू बॅग दाबता यायला हवी. तासाभरात शिकण्यासारखं आहे.

मी सरावाचा पुतळा आणि दोन बॅगा गाडीतून आणल्या आहेत. आपल्या आठवी ‘ब’च्या वर्गाची किल्ली शिपाईकाकांकडून घेतलीय. जेवणानंतर तिथे या. गुरुजनांनीही यावं, खुर्च्या मांडल्या आहेत.