अंकांचा पन्हा



सुलतान बाजारात 'पन्हा' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कापड किती लांब आहे हे सांगितले आणि पन्हा सांगितला नाही, तर गिऱ्हाइकाला हिशेबच करता येत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्राचेही असेच आहे, एवढाच मुद्दा मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

कॅमेऱ्याचा संवेदक चित्र देत नाही, अंक देतो. प्रत्येक सूक्ष्म बिंदूवर पडलेल्या प्रकाशाची मोजमापे एकामागून एक येतात. किती अंकांनंतर नवी ओळ सुरू करावयाची, हे ते अंक स्वतः सांगत नाहीत. म्हणूनच बिटमॅप फाइलीच्या आरंभी रुंदी, उंची आणि दर बिंदूमागे किती बिट, याची नोंद असते. तीही पुरेशी नाही. १०२ बिंदूंच्या ओळीला, दर बिंदूस ३ बाइट या हिशेबाने, ३०६ बाइट लागतात. परंतु बिटमॅपमध्ये ओळीच्या लांबीला ४ ने भाग जावा लागतो. त्यासाठी २ रिकामे बाइट जोडून ती ३०८ केली जाते. प्रोग्राम लिहिणारा ते २ बाइट विसरला, की प्रत्येक ओळ सरकते, रंग बिघडतात आणि चित्र तिरपे होते.

ही चूक डोळ्यांना दिसते, म्हणून ती सौम्य. घातक असते ती न दिसणारी. तिचे उदाहरण आपल्याच शहराच्या कामातून देतो. उपग्रहांनी टिपलेल्या अंकांवर काम करणारी राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था १९७४ साली हैदराबादेत स्थापन झाली; आज ती 'केंद्र' या नावाने ओळखली जाते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारतीय उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याच्या एका ओळीत २०४८ बिंदू होते आणि प्रत्येक बिंदू जमिनीवरील ७२.५ मीटर बाजूचा चौरस टिपीत असे. म्हणजे ओळीचा पन्हा सुमारे १४८ किलोमीटर! त्याच उपग्रहावरील लिस-२ कॅमेऱ्याचा बिंदू मात्र ३६.२५ मीटरांचा होता.

आता समजा, चित्रात एका तलावाचे १००० बिंदू भरले. पहिल्या मापाने तलाव सुमारे ५२६ हेक्टरांचा, दुसऱ्या मापाने अवघा १३१ हेक्टरांचा. चित्र दोन्ही वेळी तितकेच सुबक दिसेल. परंतु त्या आकड्यावर पाण्याचे वाटप ठरले, तर चुकीचे फळ शेतकऱ्याच्या पदरी पडेल.

विद्यार्थी मित्रहो, गणिताच्या उत्तरापुढे एकक लिहिले नाही, तर शिक्षक गुण कापतात. ती शिस्त केवळ परीक्षेपुरती नाही. अंक जपाल तेव्हा त्यांची मापेही त्यांच्याच सोबत जपा, एवढीच माझी विनंती.