व्यवसाय निवडण्यापूर्वी व्यवसाय पाहू द्या

(माध्यमिक शाळांतील मुख्याध्यापक व व्यवसाय मार्गदर्शक शिक्षकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की आपल्या राज्यातील लक्षावधी घरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर प्रवेशअर्जाची मुदत संपण्याच्या आत द्यावे लागते. निर्णयाला मिळणारा अवधी थोड्या दिवसांचा असतो, त्याचे परिणाम मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे सोबत राहतात. अशा वेळी मुलामुलींना व्यवसायांची नावे विचारून पाहावी. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस, बँकेतील नोकरी, एवढ्यावर यादी बहुधा थांबते. यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. त्यांनी जे पाहिले तेच ते सांगतात. जे कधी दृष्टीसच पडले नाही, त्याची आकांक्षा मनात उत्पन्न व्हावी तरी कशी?

व्यवसाय मार्गदर्शनाच्या शास्त्राचा पाया अमेरिकेत फ्रँक पार्सन्स यांनी घातला. १९०८ साली त्यांनी बॉस्टन येथे मार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि १९०९ साली, त्यांच्या निधनानंतर, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. योग्य निवडीची त्यांनी तीन अंगे सांगितली. पहिले, स्वतःची ओळख. दुसरे, निरनिराळ्या व्यवसायांचे ज्ञान. आणि तिसरे, या दोहोंची विचारपूर्वक सांगड. आपल्याकडे पहिल्या अंगासाठी कल चाचण्या घेतल्या जातात. तिसऱ्या अंगासाठी सल्ला देणारे घरात आणि शेजारी भरपूर असतात. दुबळे राहते ते मधले अंग. व्यवसायांचे प्रत्यक्ष ज्ञान नसेल, तर कल कळूनही तो कोठे वळवावा हे कळत नाही. क्षेत्रभेटी आणि अतिथी व्याख्याने यांचे खरे स्थान या मधल्या अंगात आहे.

विचार जुना, आचार अपुरा

हा विचार आपल्याला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना शाळा असावी आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांसोबत काम करावे, असे सुचविले आहे. इंग्लंडमध्ये २०१४ साली चांगल्या व्यवसाय मार्गदर्शनाच्या ज्या आठ कसोट्या गॅट्स्बी प्रतिष्ठानच्या अहवालात मांडल्या गेल्या, त्यांपैकी दोन याच विषयाच्या आहेत : काम देणाऱ्या व करणाऱ्या माणसांशी भेट आणि कामाच्या ठिकाणाचा अनुभव.

धोरणे अनुकूल आहेत. प्रश्न आहे तो आपण ती कशी राबवितो याचा.

सहल आणि क्षेत्रभेट

सहल आणि क्षेत्रभेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. सहलीत आनंद मुख्य असतो आणि तो असावाच. क्षेत्रभेटीत काम मुख्य असते. कारखान्याच्या फाटकातून रांगेने आत जाऊन यंत्रांच्या आवाजात कोणाचेही बोलणे न ऐकता दुसऱ्या फाटकातून बाहेर पडणे, ही क्षेत्रभेट नव्हे. यंत्र पाहून मूल थक्क होते. परंतु ते यंत्र चालविणारा माणूस भेटला, तरच व्यवसाय कळतो.

यासाठी दूर जाण्याचीही गरज नसते. तालुक्याच्या ठिकाणची दुग्धशाळा घ्या. घरी गाय-म्हैस असलेल्या मुलांना दूध केंद्रावर पोचविणे ठाऊक असते. पुढे काय होते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. संकलनाच्या वेळी दुधातील स्निग्धांश व इतर घनपदार्थ तपासले जातात आणि त्यावर दर ठरतो. मग ते सुमारे ७२ अंश सेल्सिअस तपमानावर १५ सेकंद ठेवून त्वरित थंड केले जाते. या एका प्रवासात किती व्यवसाय गुंतलेले आहेत, हे मुलांनाच मोजू द्यावे. प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकलेली व्यक्ती असते. वाफेसाठी बॉयलर असतो आणि तो चालविण्यासाठी सक्षमतेची परीक्षा उत्तीर्ण झालेला, प्रमाणपत्रधारक परिचर लागतो. शीतयंत्रांचा तंत्रज्ञ असतो, वीजतंत्री असतो. हिशेबनीस, भांडारपाल आणि टँकरचालक असतात. गावोगाव फिरणारे पशुवैद्यक असतात. यांतील काही कामांसाठी पदवी लागते, काहींसाठी पदविका, काहींसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेत काम शिकण्याचाही मार्ग आहे. हे सारे एका सकाळी, आपल्याच परिसरात पाहता येते. शिवाय वर्गात शिकविलेले उष्णता, घनता, शेकडेवारी हे विषय कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात तेथे उभ्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते आणि परिसरातील शाळांचे विद्यार्थी त्यात भाग घेतात. खगोलशास्त्रज्ञ व्हावे, अशी स्फूर्ती तेथे एखाद्याला मिळेल आणि ती मोलाचीच आहे. परंतु शिक्षकाने मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा : या अवाढव्य अँटेना हव्या त्या दिशेला वळविण्यासाठी आणि ऊन-पावसात सुस्थितीत ठेवण्यासाठी कोणकोणती माणसे लागत असतील? मग जोडारी, वेल्डर, वीजतंत्री, इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, संगणकतज्ज्ञ ही सारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. विज्ञानाच्या शिखराखाली कुशल हातांचा केवढा पाया असतो, हे ज्या मुलाला उमगले, ते हाताच्या कामाला पुन्हा कमी लेखणार नाही.

पाहण्याच्या पुढची पायरी करण्याची. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. प्रत्येक शाळेला तेवढे करणे शक्य नसेल. परंतु भेटीच्या ठिकाणी मुलांच्या हाती एखादे साधे मोजमाप किंवा साधी चाचणी द्यावी, एवढे तर करता येईल.

पाहुणा कोणाला म्हणावे?

आता अतिथी व्याख्यानांविषयी. पाहुणा म्हटला की मोठ्या पदावरील व्यक्ती, हार, श्रीफळ आणि परिश्रमाची महती सांगणारे भाषण, असा क्रम ठरलेला असतो. त्यातून प्रेरणा मिळते, पण माहिती मिळतेच असे नाही. यशाच्या शिखरावरील व्यक्तीला मुले नमस्कार करतात. आपल्याच शाळेतून आठ-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या परिचारिकेला, तलाठ्याला किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या तरुणाला मात्र ती प्रश्न विचारतात. व्यवसाय शिक्षणाला या प्रश्नांची फार गरज आहे. पालकांमध्येही असे वक्ते असतात. गवंडीकाम करणारे वडील वर्गात येऊन ओळंबा व गुण्या कसे वापरतात हे दाखवतील, तेव्हा वर्गाला भूमितीचा एक धडा मिळेल आणि त्यांच्या मुलाला वडिलांविषयी अभिमान वाटेल.

मुलींच्या दृष्टीने तर याचे महत्त्व अधिकच आहे. 'हे काम बायकांचे नव्हे' ही समजूत उपदेशाने जात नाही, उदाहरणाने जाते. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८० च्या दशकात त्या रेल्वेच्या सेवेत आल्या. देशातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या गेल्या. मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत गाडी त्यांनी चालविली. वाट दाखविणारी अशी एक स्त्री वर्गासमोर उभी राहिली, तर मुलींच्या मनातील कितीतरी बंद दारे उघडतील. म्हणून वर्षभरात येणाऱ्या पाहुण्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा आग्रह शाळेने धरावा.

आधी, प्रत्यक्ष आणि नंतर

भेट असो वा व्याख्यान, त्याचे फळ पूर्वतयारीवर आणि पाठपुराव्यावर अवलंबून असते. शिक्षकाने ते ठिकाण आधी स्वतः पाहून यावे. धोक्याच्या जागा, मुलींसाठी सोयी, पिण्याचे पाणी, वाहन व पालकांची संमती यांची व्यवस्था करावी. पन्नास-साठ मुलांचा एकच घोळका न करता लहान गट करावेत. पाहुण्यांनाही विषय, वेळ आणि मुलांची इयत्ता आधी कळवावी.

प्रश्न मुलांनीच तयार करावेत. या कामासाठी काय शिकावे लागले व किती वर्षे लागली? पहिल्या वर्षी मिळकत किती होती आणि आज किती होऊ शकते? दिवसातील कोणता वेळ कंटाळवाणा जातो? शरीराला कोणता त्रास होतो? दहा वर्षांनंतर हे काम असेच राहील का? अशा प्रश्नांना मोकळी उत्तरे मिळाली, तर मुलांना व्यवसायाचे गोड आणि कडू असे दोन्ही पैलू दिसतात. एखाद्या मुलाला भेटीनंतर 'हे काम माझे नव्हे' असे वाटले, तर तीही त्या भेटीची सफलताच समजावी. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि घरचे पैसे खर्च झाल्यावर तेच कळण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी वर्गात चर्चा व्हावी. पाहिलेल्या प्रत्येक कामासाठी प्रवेशाची पात्रता, अभ्यासक्रम आणि तो मिळणारी जवळची संस्था यांची टिपणे मुलांनी करावीत. वर्षानुवर्षे अशी टिपणे साठत गेली, तर शाळेच्या ग्रंथालयात त्या परिसराचा एक व्यवसायकोशच तयार होईल.

अभ्यासक्रम पुरा करायचा असताना यासाठी वेळ कोठून आणावा, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. ती अडचण खरी आहे. पण नववीच्या वर्षात दोन भेटी आणि चार व्याख्याने, एवढाच संकल्प केला तरी दहावीच्या उंबरठ्यावर पोचण्यापूर्वी मुलाने वीस-पंचवीस व्यवसाय जवळून पाहिलेले असतील. त्यासाठी लागणारे दिवस मोजके आहेत आणि त्यांतून टळणारी चुकीची निवड आयुष्यभराची असते.

या शिबिरातून परतल्यावर प्रत्येक शाळेने एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या शाळेपासून दहा किलोमीटरच्या आत जेथे जेथे माणसे कुशलतेने काम करीत आहेत, त्या ठिकाणांची यादी करावी आणि त्यांतील पहिल्या ठिकाणी याच महिन्यात पत्र पाठवावे. दारे ठोठावली, तर पुष्कळशी उघडतील. कामाची माणसे आपल्या कामाविषयी सांगण्यास सहसा उत्सुक असतात. त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते, इतकेच.