पुढे काय झाले?



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने काही भारदस्त विषय घेऊन यावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की, हा तर ओट्यावरच्या गप्पांचा विषय झाला. तसा तो आहेच. पुराण ऐकून घरी परतताना माणसे वाटेत जे बोलतात, त्याविषयी मी बोलणार आहे. कर्ण पांडवांना जाऊन मिळाला असता तर? अश्वत्थामा अजून खरोखरच हिंडतो आहे काय? धर्मराजाचा खरा पिता कोण? ग्रंथातील माणसांच्या नशिबाविषयी ग्रंथाबाहेर बसलेले श्रोते असे जे तर्क बांधतात, त्यांची किंमत काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

ही हौस काही आपल्याच लोकांना आहे असे नाही. इंग्लंडात कॉनन डॉईल या लेखकाने १८९३ साली आपल्या शेरलॉक होम्सला धबधब्यावरच्या झटापटीत मारून टाकले. वाचकांना ते पटले नाही, आणि अखेर १९०३ साली लेखकालाच होम्स जिवंत करावा लागला. अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील जॉर्ज मार्टिन यांच्या अद्भुत कथामालेचे आहे. तिचा पहिला खंड १९९६ साली निघाला. तीत जॉन स्नो नावाचा एक तरुण आहे. एका सरदाराचा अनौरस मुलगा म्हणून तो वाढलेला. वाचकांनी खंडाखंडांतून पसरलेल्या बारीकसारीक खुणा जुळविल्या आणि ठरवून टाकले की, हा त्या सरदाराचा मुलगा नव्हेच. याचा जन्म राजकुळातला आहे. पुढे या कथेवर दूरचित्रवाणीची मालिका झाली, आणि २०१६ साली त्या मालिकेत वाचकांचा तर्क खरा ठरला. जगभर त्याचे केवढे कौतुक झाले! पण हलक्या कुळात वाढलेला मुलगा मुळात राजघराण्यातला निघतो, हे ऐकून हिंगोलीच्या माणसाला फारसे नवल वाटणार नाही. आपल्याकडे त्याचे नाव कर्ण आहे.

आपल्या लोकांनी तर्क नुसते बोलून दाखविले नाहीत. ते डोंगरांना आणि दऱ्यांना चिकटविले. औंढा नागनाथाचे देऊळ वनवासात असताना धर्मराजाने बांधले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज उभे असलेले दगडी काम यादवकाळातले मानतात, हे ठाऊक असूनही आपण ते सांगतोच. चिखलदऱ्याला गेलात तर भीमाने कीचकाला जिथे लोटले ती दरी दाखवितात. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचा डोंगर आहे. अश्वत्थामा तेथे वावरतो अशी श्रद्धा आहे आणि दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्णाने त्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप दिला, एवढेच आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तो दारोदार तेल मागतो, हे ग्रंथात नाही. ते श्रोत्यांनी दिले. तीन हजार वर्षांची शिक्षा ऐकून कोणाला तरी वाटले असेल, "त्या जखमेला बोटभर तेल तरी कोणी देत असेल का?" अपराधी माणसाविषयीही असा प्रश्न मनात यावा, ही मला आपल्या श्रोत्यांची थोरवी वाटते.

परंतु सगळेच तर्क इतके निरुपद्रवी नसतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करावयास घेतली. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी ते काम शिस्तीला लावले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते मिळविण्यात आली, श्लोकाशी श्लोक ताडून पाहण्यात आला, आणि १९६६ साली मूळ संहितेचे काम पुरे झाले. जे भाग मागाहून शिरले असे दिसले, ते संपादकांनी फेकून दिले नाहीत; तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. त्या तळटीपा म्हणजे माझ्या मते श्रोत्यांच्या तर्कांचे कोठारच आहे.

स्वयंवरात द्रौपदी भर सभेत म्हणते, मी सूतपुत्राला वरणार नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रसंग पाठ आहे. तो मुख्य संहितेत नाही. तेथे जमलेले ब्राह्मण म्हणतात की, कर्ण आणि शल्य यांच्यासारख्यांनाही जे धनुष्य वाकविता आले नाही, ते हा तरुण काय वाकविणार! दुसरे, मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदीने आंधळ्याचा मुलगा आंधळाच, असे म्हटल्याचे आपण सांगतो. ते वाक्यही त्या संहितेत द्रौपदीच्या तोंडी नाही.

मग ही वाक्ये आली कोठून? मला वाटते, ती एका प्रश्नाची उत्तरे आहेत. भरल्या राजसभेत एका कुलस्त्रीची विटंबना झाली, याचे कारण काय, असे श्रोत्याने विचारले असणार. माणसाला कारण लागतेच. आणि सोपे कारण असे की, तिनेच काहीतरी बोलून ठेवले असेल. आपल्या गावातही एखाद्या बाईवर प्रसंग गुदरला की, ती काय बोलली होती आणि कशी हसली होती, याची चौकशी आधी सुरू होते. तर्काने कथेतली एक गाठ सुटली, पण तिचे मोल द्रौपदीकडून वसूल झाले.

म्हणून तर्काला मी तीन प्रश्न विचारतो. त्याला ग्रंथात आधार आहे काय? कथेतली खरी अडचण त्याने सुटते काय? आणि तिसरा प्रश्न, जो सहसा कोणी विचारीत नाही: या तर्काने कोण सुटतो आणि कोण अडकतो?

चांगल्या तर्काचा नमुना पाहावयाचा असेल तर इरावतीबाई कर्वे यांचे 'युगान्त' पाहावे. ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. धर्मराज हा विदुराचा मुलगा असेल काय, असा प्रश्न बाईंनी त्यात मांडला आहे. आधार पाहा. विदुर हा शापामुळे जन्मलेला यमधर्म, आणि युधिष्ठिर त्याच धर्माचा पुत्र. विदुर मरतेवेळी वनात युधिष्ठिरापुढे उभा राहतो आणि योगबलाने आपले प्राण व इंद्रिये त्याच्या देहात घालतो. मरणारा पिता आपले सर्वस्व पुत्राच्या ठायी ठेवतो, अशी उपनिषदांतली कल्पना आहे. तिच्याशी हा प्रसंग जुळतो. हा तर्क आपणांस पटो वा न पटो, तो ग्रंथातून उगवला आहे. आणि तो मानल्याने कोणा निरपराध्यावर बालंट येत नाही.

आता कर्णाकडे येऊ. श्रोत्यांनी जितके तर्क कर्णासाठी बांधले तितके दुसऱ्या कोणासाठी बांधले नाहीत. आपल्या लोककलावंतांच्या जांभूळ आख्यानात तर द्रौपदीच्याच मनात कर्णाविषयी ओढ होती असे सांगतात. 'युगान्त' ज्या साली निघाले त्याच १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली, आणि कर्ण स्वतःच्या तोंडाने घरोघर बोलू लागला. कादंबरीकाराला तो अधिकार आहे, आणि जन्मभर कुळावरून हिणविल्या गेलेल्या माणसाविषयी आपला जीव कळवळतो यात गैर काहीच नाही.

पण सभापर्व उघडून वाचा. विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलतो, तेव्हा त्याला दटावणारा कर्णच आहे. पाच पतींवरून तिला हीन शब्द लावणारा कर्णच आहे. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रे काढून घे, असे दुःशासनाला सांगणाराही कर्णच आहे. आपल्या प्रेमळ तर्कात हे पान गळून पडते. मग द्रौपदीने स्वयंवरात अपमान केला होता ना, असे उत्तर तयारच असते. आणि ते उत्तर कोठून आले हे आपण आताच पाहिले.

गंमत अशी की, कर्णाला वाचविण्यासाठी हे पान लपविण्याची गरजच नव्हती. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगून पांडवांकडे बोलावतो, तेव्हा कर्ण नाही म्हणतो. त्याच वेळी तो कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कठोर बोललो, त्याचा आता मला पश्चात्ताप होतो. चूक करणारा, ती ओळखणारा आणि तरीही दिलेल्या शब्दाला चिकटून मरणाकडे जाणारा कर्ण व्यासांनी दिला आहे. आपल्या निष्कलंक कर्णापेक्षा तो कितीतरी मोठा आहे. महाभारत असे डोळे उघडे ठेवून वाचण्याची रीत आपल्या भागाला परकी नाही. वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे नाव ज्यांच्या आडनावात आहे, त्या नरहर कुरुंदकरांचे महाभारतावरील लेखन 'व्यासांचे शिल्प' या पुस्तकात आहे. ते आपण वाचावे.

श्रोत्यांची हळहळ व्यासांनाही ठाऊक होती. आश्रमवासिक पर्वात ते गांधारी, कुंती आणि विधवा सुनांना गंगेच्या काठी बसवितात आणि युद्धात पडलेले सगळे वीर एका रात्रीसाठी पाण्यातून वर आणतात. त्या रात्री कर्ण आपल्या भावांना भेटतो, वैर मावळते, आणि पहाटे सगळे परत जातात. हे ऐकून कथेचा श्रोता जनमेजय काय म्हणतो? मलाही माझे वडील दाखवा, तर मी हे खरे मानीन! आणि त्याला परीक्षित दाखविण्यात येतो. श्रोत्याने उठून लेखकाकडे मागणे मागावे, आणि लेखकाने ते पुरवावे, ही परंपरा होम्सच्या कितीतरी आधीची आहे.

आता मी आपणांस एक प्रश्न विचारतो. एकलव्याने अंगठा दिला. पुढे त्याचे काय झाले? आपण अंगठ्यापाशी थांबतो. त्याच्यासाठी कोणी तर्क बांधीत नाही. आणि तर्काची गरजही नाही, कारण उत्तर ग्रंथातच आहे. घटोत्कच पडतो त्या रात्री कृष्ण अर्जुनाला सांगतो की, तुझ्या हितासाठी मी जरासंध, शिशुपाल आणि एकलव्य यांना वाटेतून दूर केले. अंगठा असता तर देवांनाही न आवरणारा तो निषादपुत्र रणात कृष्णाच्या हातून मेला होता. कर्णाच्या नशिबाचा आपण हजार अंगांनी विचार करतो, आणि एकलव्याचे लिहिलेले नशीबही वाचीत नाही!

एक आठवण सांगून संपवितो. चातुर्मासात एका देवळात पुराणिकबुवा लाक्षागृहाची कथा सांगत होते. कुंतीने अन्नदान केले. एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन जेवावयास आली. खाऊनपिऊन ती सहाही जणे तेथेच झोपली. रात्री भीमाने घराला आग लावली आणि पांडव भुयारातून निसटले. सकाळी लोकांना सहा जळालेले देह सापडले, आणि कुंती पाच पुत्रांसह गेली असे सर्वांनी मानले. बुवा पुढच्या अध्यायाकडे वळणार, तोच खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "म्हाराज, मंग त्या बाईचं नाव काय व्हतं?"

बुवा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाव दिलेले नाही, आजी."

"अन् लेकरांची?"

"तीही नाहीत."

बुवांनी खरे तेच सांगितले. ग्रंथ तिला निरपराध म्हणतो, पण तिचे नाव सांगत नाही. व्यासांनी गंगेतून एका रात्रीसाठी वर आणलेल्यांच्या यादीत ती नाही. तिच्यासाठी कोणी डोंगर दाखवीत नाही, कोठे यात्रा भरत नाही, कोणा श्रोत्याने तिच्यासाठी एखादा श्लोकही घुसडलेला माझ्या पाहण्यात नाही. राजपुत्रांच्या नशिबावर इतकी शतके आपण तर्क लढविले, आणि दोन घास खावयास आलेल्या त्या सहा माणसांचे पुढे काय, हे विचारावयास एका खांबाशी बसलेली म्हातारी लागली.

तेव्हा तर्क अवश्य करा. घरी जाताना वाटेत वाद घाला, मुलांनाही घालू द्या. फक्त कोणाचे पुढे काय झाले असे विचारताना कोणाचे विचारावयाचे राहिले, तेही एकदा पाहा. आजची रात्र उन्हाळ्याची आहे, अंगणात पडून पुष्कळ वेळ गप्पा होतील. त्या बाईचा विषय आपल्यापैकी एकाच्या घरी जरी निघाला, तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.