श्वाइनफुर्टचे छर्रे
[नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर]



युद्धाच्या कथा सांगणारे बहुधा तोफा, रणगाडे आणि सेनापती यांच्याच कथा सांगतात. आज मी आपणांस एका अगदीं क्षुद्र वस्तूची कथा सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे सायकलच्या चाकांतला पोलादी छर्रा. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानीं तेलानें माखलेले असे छर्रे बशींत पडलेले आपण पाहिलेच असतील. या छर्ऱ्यासाठीं दुसऱ्या महायुद्धांत दोन वेळां, प्रत्येक वेळीं एकाच दिवसांत, सुमारें सहाशें तरुण वैमानिक आपल्या तळावर परत आले नाहींत. एवढी किंमत देऊन काय साधलें, हा आजचा विषय आहे.

प्रथम छर्ऱ्याचें महत्त्व पाहूं. एक धातु दुसऱ्या धातूवर घासत गेला म्हणजे उष्णता उत्पन्न होते, शक्ति वायां जाते आणि दोन्ही झिजतात. परंतु दोहोंच्या मध्यें वाटोळ्या गोळ्या ठेवल्या कीं घासण्याऐवजीं लोळणें सुरू होतें. जड ओंडका हलवितांना त्याखालीं गोल लाकडें घालतात, त्यांतलेंच हें तत्त्व. मात्र छर्रे सारे एकाच मापाचे आणि निर्दोष वाटोळे हवेत. ते तसे घासून काढणारें यंत्र फ्रीड्रिख फिशर या कारागिरानें १८८३ सालीं तयार केलें. त्याचें गांव श्वाइनफुर्ट. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत माइन नदीच्या कांठीं वसलेलें हें लहानसें शहर पुढें छर्ऱ्यांच्या धंद्याचें माहेरघर बनलें. विमानाचें इंजिन, रणगाड्याची चाकें, तोफेचा फिरता बुरूज, कांहीं म्हणा, छर्ऱ्यांवांचून फिरत नाहीं. आणि जर्मनीच्या एकंदर छर्ऱ्यांपैकीं सुमारें निम्मे या एका शहरांत होत असत.

तेव्हां अमेरिकन योजकांनीं असा हिशेब केला: शत्रूचे हजार कारखाने मोडण्यापेक्षां ज्यावर ते हजारही अवलंबून आहेत तो एक मोडावा. साखळीची एक कडी तुटली कीं सारी साखळी गळून पडते. हा विचार केवळ चतुरपणाचा होता असें नाहीं; त्यांत माणुसकीचाही अंश होता. १९४३ च्या जुलै महिन्यांत ब्रिटिश विमानांनीं रात्रींच्या हल्ल्यांत हॅम्बुर्ग शहर पेटविलें, तेव्हां पस्तीस ते चाळीस हजार माणसें मेलीं. त्या मानानें दिवसाढवळ्या नेम धरून कारखानाच तेवढा फोडावा, हें अधिक सोज्ज्वळ वाटणारच. ब्रिटिश बाँबफेकी दलाचे प्रमुख आर्थर हॅरिस यांना मात्र असल्या ‘एकाच रामबाण लक्ष्या’चा तिटकारा होता, आणि श्वाइनफुर्टकडे वळण्यास ते दीर्घकाळ नाखूष राहिले.

१७ ऑगस्ट १९४३ रोजीं ३७६ ‘बी-१७’ विमानें इंग्लंडांतून निघालीं. यांस ‘उडता किल्ला’ म्हणत. प्रत्येकांत दहा माणसें असत. १४६ विमानांनीं रेगेन्सबुर्ग येथील विमानांच्या कारखान्यावर हल्ला करून परस्पर उत्तर आफ्रिकेंत जावें, आणि शत्रूचीं लढाऊ विमानें त्यांच्या मागें गुंतलीं असतां उरलेल्या २३० विमानांनीं श्वाइनफुर्ट गांठावें, असा बेत होता. पण इंग्लंडांत धुकें पडलें. दुसरी तुकडी तीन तासांहून अधिक उशिरां निघाली. तेवढ्या अवधींत जर्मन वैमानिक खालीं उतरले, त्यांनीं पेट्रोल भरून घेतलें आणि दुसऱ्या तुकडीसाठीं ते पुन्हां सज्ज झाले. सायंकाळपर्यंत साठ विमानें नष्ट झालीं होतीं. १४ ऑक्टोबरला २९१ विमानें पुन्हां श्वाइनफुर्टवर निघालीं. सोबतच्या लढाऊ विमानांचें पेट्रोल जर्मनीच्या सीमेपर्यंतच पुरे. तेथून तीं माघारीं फिरलीं आणि पुढची वाट किल्ल्यांना एकट्यानें चालावी लागली. याही वेळीं साठ विमानें पडलीं. तो वार गुरुवार होता; अमेरिकन वायुदलांत त्यास ‘काळा गुरुवार’ हें नांव पडलें.

आतां श्वाइनफुर्टमध्यें काय झालें तें पाहूं. जर्मनीचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर यानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत म्हटलें आहे कीं, पहिल्या हल्ल्यानें छर्ऱ्यांचें उत्पादन ३८ टक्क्यांनीं आणि दुसऱ्यानें ६७ टक्क्यांनीं खालीं आलें. मग रणगाडे थांबले काय? नाहीं. युद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारनें बाँबहल्ल्यांच्या परिणामांची मोठी पाहणी केली. तिचा निष्कर्ष असा कीं, छर्ऱ्यांच्या धंद्यावरील हल्ल्यांनीं महत्त्वाच्या युद्धसामग्रीच्या उत्पादनांत मोजतां येण्यासारखी घट झाल्याचा पुरावा सांपडत नाहीं.

याचें कारण काय? पहिलें कारण असें कीं, कारखाना म्हणजे त्याचें छप्पर नव्हे. बाँबनें छप्पर उडतें, भिंती कोसळतात आणि वरून घेतलेल्या छायाचित्रांत सर्वनाश झालेला दिसतो. पण ढिगाऱ्याखालचीं कित्येक यंत्रें झाडूनपुसून, दुरुस्त करून पुन्हां चालूं शकतात. दुसरें, कारखानदारांच्या कोठारांत शिल्लक माल होता, आणि स्वीडन व स्वित्झर्लंड येथूनही छर्रे येत होते. तिसरें, जेथें छर्ऱ्यावांचून भागतें तेथें साधीं बेअरिंगें बसविण्यांत आलीं. चौथें, श्पेअरनें या एकाच कामावर खास अधिकारी नेमला आणि यंत्रें निरनिराळ्या गांवीं विखरून टाकलीं. आपल्या गृहिणींना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. घरांत एक जिन्नस संपला म्हणून स्वयंपाक थांबत नसतो. डब्याच्या तळाशीं कांहीं असतें, शेजारणीकडून वाटीभर मिळतें, आणि नाहींच मिळालें तर दुसऱ्या जिनसावर भागवितात. मोठ्या राष्ट्राचा प्रपंचही असाच चालतो. योजकांनीं त्यास साखळी मानलें. प्रत्यक्षांत तो विणलेल्या वस्त्रासारखा निघाला. एक धागा तुटला तरी बाकीचे त्याचा ताण वांटून घेतात.

पण ही झाली एक बाजू. त्याच श्पेअरनें असेंही लिहिलें आहे कीं, हे हल्ले लागोपाठ होत राहते तर थोड्याच महिन्यांत शस्त्रनिर्मिति ठप्प झाली असती. परंतु इतकीं माणसें गमावल्यावर लागोपाठ हल्ले करावयाचे कोणाच्या बळावर? पंखांखालीं जादा टाक्या लावून दूरवर सोबत करणारीं ‘मस्टँग’ विमानें आल्यावरच, १९४४ च्या फेब्रुवारींत, दिवसां अमेरिकन व रात्रीं ब्रिटिश अशीं विमानें पुन्हां श्वाइनफुर्टवर आलीं. तोंवर जर्मनांना चार महिने मिळाले होते, आणि ते त्यांनीं वायां घालविले नव्हते.

वस्त्राचा एखादा धागा इतरांहून निराळा असूं शकतो, हेंही पुढें दिसलें. १९४४ च्या मे महिन्यापासून कोळशापासून तेल करणाऱ्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले, आणि कारखाना दुरुस्त होतांच पुन्हां हल्ला, असा क्रम ठेवण्यांत आला. तेव्हां या तेलाचें मासिक उत्पादन ३,१६,००० टनांवरून सप्टेंबरांत १७,००० टनांवर आलें. तेलाची मोठी शिल्लक नव्हती, त्यास पर्याय नव्हता, आणि ते अवाढव्य कारखाने उचलून दुसरीकडे नेतां येत नव्हते.

युद्ध संपेपर्यंत श्वाइनफुर्टवर बावीस हल्ले झाले. नेम कारखान्यांवर होता खरा. पण कारखान्यांना लागूनच कामगारांची घरें होतीं, आणि त्या यंत्रांपुढें परदेशांतून जबरीनें धरून आणलेले मजूरही उभे होते. हिटलरच्या राज्याचा मोड होणें अवश्य होतें, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. तरीही वरून टाकलेला बाँब मालक आणि वेठबिगार असा भेद जाणत नाहीं, हें विसरूं नये.

आजही वर्तमानपत्रांत एखाद्या शहराचे शस्त्रांचे कारखाने उद्ध्वस्त केल्याच्या वार्ता येतात, सोबत धुराचीं छायाचित्रें असतात, आणि आतां युद्ध लौकरच संपेल असें तज्ज्ञ सांगतात. तसें वाचलें म्हणजे आपण तीन प्रश्न विचारावे: यंत्रें मोडलीं कीं छप्परें? पुढल्या महिन्यांत तेथून किती माल बाहेर पडला? आणि या सौद्यांत माणसें किती गेलीं, उडणारीं आणि खालचीं, दोन्ही? या तिन्हींचीं उत्तरें हातीं येईपर्यंत विजयाचा हिशेब मांडण्याची घाई करूं नये, एवढेंच मला सांगावयाचें होतें.