चिमटा बदलताना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोघी-तिघी बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी आरोग्यावर आणि गुंतवणुकीवर बोलावं हे ठीकच. मला मात्र आयोजकांनी ‘तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग’ एवढंच सांगितलं. माझा धंदा लेथचा आणि मोटारसायकल दुरुस्तीचा. म्हणून मी आज मोटारसायकलच्या चिमट्यावर बोलणार आहे. हसू नका. तुमच्यातल्या निदान दहा जणांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलं आहेत, आणि त्यातल्या चौघांनी तरी या वर्षात मला विचारलंय, “काका, चिमटा बदलून द्याल का?”

चिमटा म्हणजे मागचं चाक ज्या दोन हातांच्या बेचक्यात बसतं तो भाग. कंपनी त्याला स्विंगआर्म म्हणते. त्याचं पुढचं टोक फ्रेममध्ये एका आडव्या बोल्टवर असतं आणि दार बिजागरीवर हलावं तसा तो वरखाली हलतो. मागच्या टोकाला चाकाचा एक्सल. खड्डा आला की चाकाला वर जाऊ द्यायचं, पण डावी-उजवीकडे केसभरही सरकू द्यायचं नाही, हे त्याचं काम.

आपण कॉलेजात असताना पनवेलमध्ये हवा होती आरएक्स १०० ची. मग १९९९ साली सीबीझेड आली, २००१ च्या अखेरीस पल्सर आली. २००८ मध्ये यामाहाने आर१५ आणली आणि दीडशे सीसीमध्ये पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, डेल्टाबॉक्स फ्रेम असं सगळं एकदम मिळालं. गाडी सुंदर, पण पोरांची एकच तक्रार होती : मागून बघितली की बारीक दिसते. मागचा टायर १०० चा, चिमटा लोखंडी आणि साधा. २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तिला अॅल्युमिनियमचा लांब चिमटा आणि मागे १३० चा टायर. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १२९० मिलिमीटरवरून १३४५ वर गेलं. तेव्हापासून जुन्या आर१५ ला नवीन चिमटा बसवायचं वेड सुरू झालं, ते अजून उतरलेलं नाही. कुर्ल्याला जायचं, अपघातातल्या गाडीचा चिमटा चाकासकट उचलायचा आणि बसवायचा.

पोरं म्हणतात, “काका, बोल्ट बसतो, मग अडचण काय?” बोल्ट बसला म्हणजे चिमटा बसला असं होत नाही. का, ते हिशेबाने सांगतो.

पहिली गोष्ट, लांबी. व्हीलबेस ५५ मिलिमीटरने वाढला की चेनला वर ५५ आणि खाली ५५ असे ११० मिलिमीटर जास्त लागतात. ४२८ नंबरच्या चेनची पिच १२.७ मिलिमीटर. म्हणजे आठ ते दहा कड्या वाढतात. जुन्या चेनला नव्या कड्या जोडून हे काम करणारे महाभाग आहेत. झिजलेल्या चेनमध्ये नवी कडी घातली की ती सगळ्यांसारखी चालत नाही. चेन कधी ना कधी तुटते, आणि तुटलेली चेन मागच्या चाकात अडकली तर पुढचं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, स्प्रिंग. सरांनी आपल्याला तरफ शिकवली होती. चिमटा ही तरफच आहे. हिशेबासाठी धरा, जुना चिमटा ५०० मिलिमीटरचा होता आणि नवा ५५५ चा झाला. शॉकअप आणि त्याची जोडणी तशीच ठेवली, तर चाकाजवळ स्प्रिंगचा कडकपणा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. उत्तर येतं जवळजवळ एकोणीस टक्के. म्हणजे त्याच स्प्रिंगवर गाडी मागे जास्त बसते, आणि दोघं बसले की आणखी.

तिसरी गोष्ट, टायर. १०० च्या जागी १३० चा आला की तो दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिलिमीटर पसरतो, आणि एका बाजूला चेन असते. शिवाय तो नुसता रुंद नाही, उंचही असतो. १००/८०-१७ आणि १३०/७०-१७ ही मापं मांडून बघा, व्यासात बावीस मिलिमीटरचा फरक येतो. चाकाचा घेर साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढतो, तेवढी गाडीची ओढ कमी होते. पोरगा म्हणतो, रेसिंगचा चिमटा टाकला, आणि पळस्प्याच्या चढावर गिअर पाडतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाई, तुम्ही भूमितीच्या तासाला समांतर रेषा शिकवल्या होत्या. चिमट्याच्या पुढच्या बोल्टची मध्यरेषा आणि मागच्या एक्सलची मध्यरेषा समांतर असाव्या लागतात. आणि पुढचं चाक, मागचं चाक एका प्रतलात. कुर्ल्यातून आणलेला चिमटा अपघातातल्या गाडीचा असतो. लोखंड मार लागला की वाकतं आणि डोळ्याला दिसतं. ओतीव अॅल्युमिनियम पुष्कळदा दिसण्यासारखं वाकत नाही, त्याला बारीक चीर जाते. वर पावडर कोटिंग केलं की तीही झाकली जाते. म्हणून आमच्याकडे असा चिमटा आला की दोन्ही भोकांतून सरळ रॉड घालून सपाट टेबलावर मोजतो आणि चीर शोधायचा रंग मारून बघतो. चीर सापडली तर तो भंगारात. वेल्डिंग करून मागू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या धातूची मूळ ताकद जाते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा गाडी घेऊन आला. चिमटा दुसरीकडे बसवलेला होता. ऐंशीच्या पुढे मागचा भाग डुलतो, एवढीच तक्रार. मी दोन सरळ पट्ट्या मागच्या टायरला दोन्हीकडून टेकवून पुढच्या चाकापर्यंत नेल्या. मागचा टायर १३०, पुढचा ९०, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटर फट यायला हवी. एका बाजूला सव्वीस आली, दुसऱ्या बाजूला चौदा. चाक सहा मिलिमीटर बाजूला बसलं होतं. कुणीतरी बुश घासून आणि वायसर टाकून जागा भरली होती. तो मुलगा रोज पहाटे मित्रांबरोबर कर्नाळ्याकडे जायचा, गोवा रोडवर, ट्रकच्या रांगेशेजारून. मी गाडी परत दिली नाही. त्याच्या वडिलांना बोलावलं, पट्ट्या तशाच लावून ठेवल्या होत्या, त्या दाखवल्या. ते काही बोलले नाहीत, खाली बसून दोन वेळा स्वतः मोजलं. जुना चिमटा घरी माळ्यावर होता, तो त्यांनीच आणून दिला.

आता कायद्याचं. वकील मंडळी समोर आहेत, चुकलो तर सांगा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली, आणि ती गाडीच्या मालकाला लागू आहे. मालक म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही, मुलगा नव्हे. आरसीत व्हीलबेसचा रकाना असतो. त्यात १२९० आणि जमिनीवर १३४५. पहिल्या आर१५ गाड्यांची पंधरा वर्षं २०२३ पासून भरू लागली आहेत. पुनर्नोंदणीला गाडी आरटीओत उभी करावी लागते. आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला आडवं बोलायला हा एक बदल पुरतो.

मग कुणी करूच नये का? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला करी स्पीडवे आहे. तिथे बंद रस्त्यावर, त्या-त्या स्पर्धेच्या नियमात बसत असेल तर अवश्य करा. मी मापं घेऊन देतो. रस्त्यावरच्या गाडीला मी चिमटा बदलून देत नाही. यात गिऱ्हाईक जातं. चार दुकानं सोडून पाचव्यात ते काम होतं, हेही मला माहीत आहे.

आपल्याच बॅचच्या एका मित्राने त्याची २००९ ची आर१५ मुलाला दिली. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही. मुलाला चिमटा हवा होता, कारण गाडी वळणावर हलते. त्याला नाही म्हणून घरी पाठवलं नाही. मागचं चाक उचललं, चिमट्याचं टोक हातात दिलं आणि डावी-उजवीकडे ढकलायला सांगितलं. कट् असा आवाज आला. पुढच्या बोल्टवरचे बुश संपले होते. हँडलचा कोनसेट सैल होता आणि मागचा टायर सात वर्षं जुना, दगडासारखा. बुश, कोनसेट, चेन-स्पॉकेट आणि कंपनीच्या मापाचा टायर, एवढंच केलं. बुश त्यानेच बसवले, टॉर्क पाना त्यानेच लावला. चक्कर मारून आला आणि म्हणाला, “काका, ही आधी अशी होती का?” म्हटलं, “तुझ्या बाबांनी घेतली तेव्हा अशीच होती.” चिमट्याचा विषय त्याने अजून तरी काढलेला नाही. बाबांचं मत जेवताना त्यांनाच विचारा.

घरी जाऊन प्रत्येकाने एवढं करा. मुलाची गाडी असेल तर मागचं चाक उचलून चिमटा हलवून बघा. आवाज आला तर दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढू देऊ नका. माझ्याकडेच आणा असं म्हणत नाही, कुठेही न्या, पण आधी मोजायला लावा. आणि मुलाने असली मागणी केली तर ओरडू नका. त्याला गाडी समजून घ्यायची आहे. शनिवारी दुपारी दुकानात पाठवून द्या. व्हर्नियर धरायला शिकवेन. त्याचे पैसे घेत नाही.

सर, बाई, तुम्ही इतकी वर्षं आम्हाला ऐकवलंत, आज आमचं ऐकून घेतलंत. जेवण तयार आहे असं मागून खुणावतायत, तेव्हा मी थांबतो.