आजीच्या ओव्या फोनवर जपू या

हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या गावात ओव्या येणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्यात. त्यांचा आवाज आपणच जपायचा, असं आम्ही गटात ठरवलंय.

त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. फोन घरात आहेच, म्हणून आम्ही पहिला खर्च कॉलर माईकवर करतो. काही शे रुपयांत मिळतो. घेताना फोनची पिन बघा, गोल की टाईप-सी. माईक तोंडापासून वीतभर खाली, पदर घासणार नाही असा लावा. खोली घुमत असेल तर भिंतींवर गोधड्या टांगा. पंखा बंद, फोन फ्लाईट मोडवर. ओवी एकदा जात्यासह, एकदा जात्याविना घ्या. घरघरीत शब्द बुडतात.

फाईल वेव्ह प्रकारात ठेवा. मिनिटाला साधारण ५ ते १० एमबी जागा जाते, पण एमपीथ्रीसारखा आवाजाचा दर्जा कमी होत नाही. काटछाटीला संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मूळ फाईलला हात लावू नका, तिच्या प्रतीवर काम करा.

आजीची परवानगी आधी घ्या, नाव-गाव नोंदवा. एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवा. उद्या फोन बिघडला तरी ओवी राहील.