मनोऱ्यामागची वाट



गावात मोबाईलचा मनोरा उभा राहिला की दूरसंपर्काचा प्रश्न मिटला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात फोनवर रेंज भरपूर दिसते आणि रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र मात्र ताटकळत राहते. याचे कारण पुष्कळदा मनोऱ्याच्या मागे असते. मनोरा गावाचे संदेश गोळा करतो. ते मुख्य जाळ्यापर्यंत नेणारी वाट अरुंद असेल तर मनोरा काय करणार? या वाटेला अभियंते बॅकहॉल म्हणतात.

ही वाट ऑप्टिकल फायबरची असणे केव्हाही उत्तम. २०११ साली मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेचा उद्देशही ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचाच. परंतु जिंतूरकडील डोंगराळ भागात चर खणणे खर्चाचे, आणि रस्ता रुंद करताना केबल तुटते ती वेगळीच. अशा ठिकाणी दुवा हवेतून न्यावा लागतो.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या बिनतारी लहरींचे प्रयोग केले. आज त्याच जातीच्या, ७१ ते ८६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी फायबरच्या तोडीचा वेग देतात. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५-जी सेवेसाठी हा पट्टा तात्पुरत्या स्वरूपात देण्याचे ठरविले. खांबावर बसणाऱ्या छोट्या केंद्रांना, म्हणजे स्मॉल सेलना, तो सोयीचा आहे. कारण त्यांची अंतरे थोडी असतात.

अंतर थोडे असावे लागते ते पावसामुळे. पावसाचा थेंब आणि ही लहर जवळजवळ एकाच मापाची. ताशी ५० मिलिमीटर पाऊस कोसळत असेल तर एका किलोमीटरात लहरीची शक्ती पन्नासाव्या भागाहूनही कमी उरते. १५ गिगाहर्ट्झच्या जुन्या सूक्ष्मलहरींना तोच पाऊस बराच कमी बाधतो. मात्र त्यांची वहनक्षमता थोडी.

ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. पीक विम्याच्या तेव्हाच्या नियमानुसार नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावयाची होती. पाऊस ज्या दिवशी पीक बुडवितो, त्याच दिवशी तो हवेतील दुव्यावरही घाला घालू शकतो. म्हणून दुवा आखताना सरासरी पावसाचा नव्हे, तर तासाभराच्या मुसळधार सरीचा हिशेब धरला पाहिजे आणि अडचणीच्या वेळी कमी वारंवारतेचा, सावकाश का होईना, दुसरा दुवा हाताशी हवा.

ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीत स्मॉल सेलसाठी ग्रामीण भागातील खांबामागे वर्षाला १५० रुपये असा नाममात्र दर ठरविण्यात आला. पैशापेक्षा खांबाची निवड महत्त्वाची. या लहरींचा झोत जेमतेम एक अंशाचा असतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि खांब कलतो. झोत समोरच्या थाळीला चुकतो. तेव्हा पंचायतीने खांब सुचविताना त्याचा पाया पक्का आहे का आणि समोर वाढते झाड आहे का, एवढे तरी आधी पाहून घ्यावे.